लाल शाईचा कैवार

आपला दोष आपल्या तोंडावर सांगणारा मनुष्य जगांत फारसा कोणास आवडत नाहीं. आणि तो दोष वेळेवर सांगणारा तर त्याहूनहि आवडत नाहीं. कारण, वेळेवर सांगितलेला दोष दुरुस्त करावा लागतो. उशिरां कळलेल्या दोषाबद्दल नुसतें हळहळून भागतें. मनुष्यस्वभावाची ही खोड आतां यंत्रांच्या बाबतींतहि दिसूं लागली आहे. पुणें शहरांत संगणकाचें शिक्षण देणाऱ्या कॉलेजांत आणि पेठापेठांतून निघालेल्या खासगी क्लासांत एक मत मोठ्या आत्मविश्वासानें मांडलेलें ऐकूं येतें. तें असें कीं, हास्केल, ओकॅमल यांसारख्या फंक्शनल भाषा मुलांस प्रथम शिकवूं नयेत. कां, तर त्यांचा कंपायलर फार खाष्ट आहे! प्रोग्रॅम लिहून पुरा होतो न होतो तोंच तो ‘टाइप एरर’ म्हणून ओरडतो, प्रोग्रॅम चालवूं देत नाहीं, आणि मुलांचा हिरमोड करतो. त्यापेक्षां लिहिलें तें निमूटपणें चालविणारी भाषा बरी. हें मत सांगणारे लोक अडाणी नाहींत. चांगले पदवीधर आहेत, आणि त्यांच्या हातीं हजारों मुलांचें शिक्षण आहे. म्हणूनच या मताचा समाचार घेणें अवश्य वाटतें.

वाचकांपैकीं पुष्कळांनीं जन्मांत एकहि प्रोग्रॅम लिहिला नसेल. परंतु घरांतील मुलगा, मुलगी किंवा सून यांपैकीं कोणीतरी हिंजवडीस अगर खराडीस याच धंद्यांत असण्याचा संभव आहे. म्हणून प्रथम मूळ प्रकरण काय आहे तें थोडक्यांत सांगतों.

फंक्शनल भाषेंतील प्रोग्रॅम म्हणजे गणितांत ज्यांस फलनें म्हणतात तशा फलनांची जुळणी. प्रत्येक फलन एका ठराविक प्रकारची वस्तु घेतें आणि एका ठराविक प्रकारची वस्तु देतें. ‘लांबी’ नांवाचें फलन यादी घेतें आणि पूर्णांक देतें. ‘मोठीं अक्षरें कर’ हें फलन मजकूर घेतें आणि मजकूर देतें. कंपायलर म्हणजे मनुष्यानें लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेंत उतरविणारा प्रोग्रॅम. उतरविण्यापूर्वीं तो प्रत्येक सांधा तपासतो. एका फलनांतून निघालेली वस्तु पुढच्या फलनास चालेल अशी आहे कीं नाहीं, हें पाहतो. नसेल तर काम थांबवितो आणि तसें सांगतो. यासच टाइप एरर, म्हणजे प्रकारदोष, म्हणतात. विशेष हें कीं, प्रत्येक वस्तूचा प्रकार लेखकानें लिहून दिलाच पाहिजे असें नाहीं. बहुतेक ठिकाणीं कंपायलर तो स्वतः अनुमानानें काढतो. ही अनुमानपद्धति एडिंबरोच्या रॉबिन मिल्नर यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत मांडली. रॉजर हिंडली यांनीं तर्कशास्त्राच्या वाटेनें १९६९ सालींच तेथवर मजल मारली होती. मिल्नर यांची एम्‌एल् ही भाषा या घराण्याची जननी. ओकॅमल ही तिची कन्या. आणि १९९० सालीं जिचा पहिला अहवाल निघाला ती हास्केल तिच्याच वळणावर वाढली.

आतां एक साधें उदाहरण घेऊं. विद्यार्थ्यास तीन विषयांच्या गुणांची सरासरी काढावयाची आहे. तो लिहितो: यादीची बेरीज भागिले यादीची लांबी. शाळेंत शिकलेलें सूत्रच हें! तथापि हास्केलचा कंपायलर तें नाकारतो. त्याचें म्हणणें असें कीं, लांबी हा पूर्णांक आहे, आणि हा भागाकार तर अपूर्णांक जाणणाऱ्या संख्यांसाठीं आहे. तेव्हां ही जोडी जमत नाहीं. विद्यार्थी चिडतो. त्याला वाटतें, यंत्र फाजील शहाणपण करीत आहे. परंतु हेंच सूत्र सी भाषेंत पूर्णांक घेऊन लिहा. कंपायलर हूं कीं चूं करीत नाहीं. मुलाचे गुण ८०, ७९ आणि ८० असतील तर बेरीज २३९. तिला तीननें भागलें कीं उत्तर ७९ पूर्णांक ६७ शतांश यावयास पाहिजे. सी भाषा ७९ देते. अपूर्णांकाचा भाग ती गिळून टाकते, आणि गिळल्याचें कोणास सांगत नाहीं. समजा, प्रवेशाची मर्यादा साडेएकुणऐंशी आहे. मग या मुलाची जागा गेली! तिन्ही विषयांत ७९ गुण मिळविणारा आणि हा मुलगा यंत्राच्या लेखीं सारखेच. बापानें खेटे घातले तरी खिडकीवरील कारकून सांगणार, ‘संगणकांतून असेंच आलें आहे.’

या दोन वागणुकींतून खाष्ट कोणती आणि दयाळू कोणती, हें वाचकांनींच ठरवावें. हास्केलनें प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास पांच मिनिटें त्रास दिला. सीनें त्याला कांहींच त्रास दिला नाहीं. त्रास दिला तो ज्यानें आयुष्यांत प्रोग्रॅम पाहिला नाहीं अशा एका मुलास. माझ्या सर्व प्रतिपादनाचा गाभा एवढाच आहे. चूक ही नाहींशी होत नसते. ती लिहिणाऱ्याच्या टेबलावर पकडली नाहीं तर वापरणाऱ्याच्या दारांत जाऊन उभी राहते. आणि वापरणाऱ्याजवळ ती दुरुस्त करण्याचें साधन नसतें. पायथन भाषेच्या कर्त्यांनीं भागाकाराची ही खोड जाणून-बुजून २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत काढून टाकली, त्यासाठीं जुने प्रोग्रॅम मोडण्याचा धोका पत्करला; ही गोष्ट आमच्या ढिल्या भाषांच्या भक्तांनीं विसरूं नये.

दुसरें उदाहरण जावास्क्रिप्टचें. ही भाषा १९९५ सालीं अवघ्या दहा दिवसांत रचली गेली असें सांगतात, आणि आज जगांतील बहुतेक संकेतस्थळें तिच्यावर चालतात. तिच्यांत मजकूर म्हणून आलेल्या ५ मध्यें १ ही संख्या मिळविली तर उत्तर येतें ५१. आणि त्याच ५ मधून १ वजा केला तर येतें ४! बेरजेच्या वेळीं ती संख्येस मजकूर समजते आणि वजाबाकीच्या वेळीं मजकुरास संख्या समजते. घरांतील हिशेबाच्या वहींत कोणी असें केलें तर आपण त्याच्या हातून वही काढून घेऊं. यंत्रानें केलें तर मात्र त्यास ‘लवचिकपणा’ असें गोंडस नांव मिळतें.

कित्येकांस वाटतें कीं हा सारा विलायती काटेकोरपणा आहे. त्यांनीं अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह उघडून पाहावा. आठल्ये व बोडस यांची त्याची आवृत्ति १८९७ सालापासून उपलब्ध आहे. वाक्यापासून अर्थबोध होण्यास आकांक्षा, योग्यता आणि संनिधि या तीन गोष्टी लागतात असें आपल्या नैयायिकांनीं सांगितलें, आणि योग्यतेच्या अभावाचें जें उदाहरण दिलें तें ‘विस्तवानें शिंपतो’ हें. वाक्याची विभक्ति बरोबर, क्रियापद बरोबर, क्रमहि बरोबर. तरी तें प्रमाण नाहीं, कारण शिंपण्याचें साधन होण्याची योग्यता विस्तवाच्या अंगीं नाहीं. प्रकारदोष म्हणजे दुसरें काय आहे? फलनाची जी अपेक्षा ती आकांक्षा, आणि वस्तूचा जो प्रकार ती योग्यता. ज्या शहरांत न्याय आणि व्याकरण यांचें अध्ययन पिढ्यान्‌पिढ्या चाललें, त्या शहरांतील पदवीधरांनीं ‘विस्तवानें शिंपूं द्या, मुलांचा हिरमोड करूं नका,’ असें म्हणावें हें नवल होय!

आतां विरुद्ध पक्षाचे आक्षेप एकेक घेऊं. पहिला आक्षेप हिरमोडीचा. मुलगा नवखा आहे, त्याला प्रथम यश दिसूं द्यावें, शिस्त मागून लावावी, असें म्हणतात. गाणें शिकविणारा कोणताहि बुवा हें ऐकून हंसेल. बेसूर लागलेला स्वर शागिर्दास पहिल्या दिवशींच सांगावा लागतो. दोन वर्षें बेसूर गाऊन झाल्यावर तो गळ्यांतून काढण्यास चार वर्षें लागतात. आणि हा केवळ तर्क नव्हे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट या नामांकित संस्थेंत पदवीच्या पहिल्या वर्षास प्रोग्रॅमिंगचा आरंभच हास्केलनें होत आला आहे. तेथील मुलें हिरमुसलीं होऊन घरीं परतल्याचें ऐकिवांत नाहीं.

हिरमोड होतो तो दोष दाखविल्यानें होत नाहीं. दोष वाचावयास न शिकविल्यानें होतो. एका प्रयोगशाळेंत मीं स्वतः पाहिलेला प्रसंग सांगतों. टाइपस्क्रिप्टचा तास चालला होता. एका मुलीच्या पडद्यावर दोन ओळी लाल झाल्या. तिनें सरांस बोलाविलें. सरांनीं त्या ओळी वाचल्याहि नाहींत. म्हणाले, ‘अगं, तिथें एनी लिहून टाक, म्हणजे तें गप्प बसेल.’ एनी याचा अर्थ ‘कोणताहि प्रकार चालेल, तपासूं नको.’ मुलीनें तसें केलें. लाल रंग गेला. ती समाधानानें पुढच्या प्रश्नाकडे वळली. त्या दिवशीं ती काय शिकली? परीक्षकाचें तोंड बंद करण्याची युक्ति. तो जो दोष होता, तो तसाच आंत राहिला.

दुसरा आक्षेप असा कीं, या कंपायलरांचे संदेश कोणास समजत नाहींत. हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि येथें मी कंपायलर लिहिणाऱ्यांची बाजू घेणार नाहीं. सरासरीच्या वर दिलेल्या उदाहरणांत हास्केल जें वाक्य छापते त्याचा शब्दशः अर्थ ‘भागाकाराच्या उपयोगामुळें उद्भवलेला, पूर्णांकासाठीं अपूर्णांकवर्गाचा दाखला नाहीं,’ असा होतो. मामलेदार कचेरींतील जुन्या दस्तऐवजांची भाषा यापेक्षां सरळ असते! त्याहून मोठी अडचण जागेची. अनुमानानें प्रकार काढणारा कंपायलर दोन साक्षींतील विरोध पकडतो. दोघांपैकीं खोटा कोण, हें त्याला ठाऊक नसतें. पहिल्या साक्षीदाराचें म्हणणें तो खरें धरून चालतो, आणि विरोध दुसऱ्याच्या जबानींत दिसला म्हणून दुसऱ्यासच धरतो. म्हणून चूक तिसऱ्या ओळींत असावी आणि बोट तिसाव्या ओळीकडे दाखवावें, असें घडतें. हा दोष तज्ज्ञांस नवा नाहीं. मिचेल वँड यांनीं १९८६ सालींच प्रकारदोषाचें मूळ शोधण्याच्या प्रश्नावर निबंध लिहिला. तरी पुढें कित्येक वर्षें बहुतेक कंपायलरकर्ते पंडितांसाठींच लिहीत राहिले, ही त्यांची चूक होय. परंतु ही चूक सुधारतां येते हेंहि सिद्ध झालें आहे. हॉलंडांतील उट्रेक्ट येथें नवशिक्यांना समजतील असे संदेश देण्यासाठीं हास्केलचीच हेलियम नांवाची सोपी आवृत्ति रचली गेली; आणि एल्म या भाषेच्या कर्त्यानें २०१५ सालापासून संदेश साध्या बोलींत, दुरुस्तीच्या सूचनेसह, लिहिण्याचा परिपाठ पाडला. शिक्षकाचें अक्षर वाईट आहे, म्हणून वह्या तपासणेंच बंद करावें, हें म्हणणें शहाणपणाचें नव्हे. अक्षर सुधारावें.

तिसरा आक्षेप विद्वानांचा आहे. ते म्हणतात, प्रकार तपासून सर्व चुका कोठें सांपडतात? नाहींच सांपडत. बेरजेच्या जागीं वजाबाकी लिहिली तर प्रकार जुळतात आणि उत्तर चुकतें. ४ जून १९९६ रोजीं युरोपचें एरियान ५ हें अग्निबाण उड्डाणानंतर एका मिनिटाच्या आंत नष्ट झालें. चौसष्ट बिटांची संख्या सोळा बिटांच्या पूर्णांकांत कोंबतांना ती मावली नाहीं, हें त्याचें मूळ होतें. तो प्रोग्रॅम एडा या प्रकारांच्या बाबतींत कडक समजल्या जाणाऱ्या भाषेंतच लिहिलेला होता! हें मी लपवीत नाहीं. पण त्याच्या जोडीला दुसरा अपघातहि पाहावा. २३ सप्टेंबर १९९९ रोजीं मंगळाभोंवतीं फिरण्यासाठीं पाठविलेलें अमेरिकेचें यान नाहींसें झालें. कारण जमिनीवरील एक प्रोग्रॅम आवेगाचें माप पौंडांच्या हिशेबानें देत होता आणि तें माप घेणारा दुसरा न्यूटनच्या हिशेबानें समजत होता. दोहोंत सुमारें साडेचार पटींचा फरक. दोन्ही बाजूंस ‘संख्या’ एवढाच प्रकार असल्यामुळें यंत्रास संशय आला नाहीं. पौंडाची संख्या आणि न्यूटनची संख्या हे दोन निराळे प्रकार केले असते, तर तो सांधा जुळलाच नसता. फंक्शनल भाषांत असे नवे प्रकार एका ओळींत करतां येतात. एफ-शार्प या भाषेंत तर मापनाचीं एककें थेट प्रकारांत लिहिण्याची सोय आहे. कुलुपानें सगळ्या चोऱ्या थांबत नाहींत. म्हणून दार उघडें टाकून कोणी काशीयात्रेस जात नाहीं.

चौथा आक्षेप बाजाराचा: ‘कंपन्यांस हें नको आहे.’ बाजाराचीच साक्ष काढूं. जावास्क्रिप्ट ढिली म्हणून लोकप्रिय झाली. २०१२ सालीं मायक्रोसॉफ्टनें तिच्यावर प्रकारांचें कुंपण घालून टाइपस्क्रिप्ट काढली, आणि मोठमोठे कारखाने तिच्याकडे वळले. पायथनमध्यें प्रकार लिहिण्याची रीत २०१५ सालच्या आवृत्तीपासून आली. त्याच वर्षीं पहिली स्थिर आवृत्ति निघालेली रस्ट ही भाषा कंपायलरच्या कडकपणाबद्दलच नांवाजली गेली; तिचा आरंभींचा कंपायलर ओकॅमलमध्यें लिहिलेला होता. खुद्द पुण्यांतील गोष्ट घ्या. १९८१ सालीं येथें टाटांची संशोधनसंस्था निघाली. प्रोग्रॅम न चालवितां नुसता वाचून त्यांतील दोष हुडकणारीं साधनें रचण्याचें काम तिनें वर्षानुवर्षें केलें. म्हणजे ढिल्या भाषांत लिहिलेल्या प्रोग्रॅमांतील चुका शोधण्यासाठीं आमच्याच शहरांत विद्वान माणसें पगार देऊन बसवावीं लागलीं. आरंभीं वाचविलेल्या पांच मिनिटांची ही किंमत!

आणि आतां तर प्रोग्रॅम यंत्रेंच लिहूं लागलीं आहेत. ‘आतां मुलांस हें शिकवून काय उपयोग?’ असें विचारणारे लोक भेटतात. मी उलट विचारतों: लेखक जेव्हां थकत नाहीं, लाजत नाहीं, आणि चुकीचेंहि खऱ्याइतक्याच थाटानें लिहितो, तेव्हां निःपक्षपाती तपासनिसाची गरज वाढते कीं कमी होते? आणि त्या तपासनिसाचा शेरा वाचूं शकणारा मनुष्य जवळ नको काय?

पुण्याला हा विचार नवा नाहीं. १९९१ सालीं पुणें विद्यापीठाच्याच संगणकशास्त्र विभागांतील एका अध्यापकानें अमेरिकेंतील शिक्षणविषयक नियतकालिकांत लेख लिहून, सी भाषा विद्यार्थ्यांस वळण लावण्यास कशी अयोग्य आहे तें दाखविलें. हास्केलची लहान बहीण जी गोफर, तिचें ‘पुगोफर’ नांवाचें रूप याच विद्यापीठांत शिकविण्यासाठीं तयार झालें. वाट येथें पडली होती. तिच्यावर गवत वाढूं दिलें तें आम्ही.

पुणें हें छापखान्यांचें गांव. आर्यभूषण आणि चित्रशाळा यांच्या काळापासून येथील लेखकांस मुद्रितें तपासणाऱ्याची लाल शाई ठाऊक आहे. जुन्या पुस्तकांच्या शेवटीं शुद्धिपत्र जोडलेलें असे. वाचकानें पुस्तक वाचून संपविल्यावर त्याला कळे कीं बाराव्या पानावर ‘नाहीं’ च्या जागीं ‘आहे’ छापलें गेलें. चांगला लेखक शुद्धिपत्र टाळण्यासाठीं मुद्रितांवरील लाल खुणा सोसतो. प्रोग्रॅमला तर शुद्धिपत्रहि नसतें; पेन्शन अडकलेल्या म्हाताऱ्यास कोण कळविणार कीं अमुक ओळींत पूर्णांक चुकला?

तेव्हां माझी मागणी तीन गोष्टींची आहे. पहिली, पहिल्या वर्षांतील निदान एक सत्र कडक प्रकारांच्या फंक्शनल भाषेस द्यावें; सी आणि पायथन पुढें आहेतच. दुसरी, दोषाचा संदेश वाचून त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहिणें, यास परीक्षेंत गुण ठेवावेत. चालणाऱ्या प्रोग्रॅमास जितके देतां तितकेच द्यावेत. तिसरी आमच्या भाषेची. २०२१ सालीं अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें अभियांत्रिकीचें शिक्षण मराठींतून देण्याची मुभा दिली. परंतु मराठी शाळेंतून आलेल्या मुलापुढें कंपायलर जेव्हां इंग्रजी पारिभाषिकाची भिंत उभी करतो, तेव्हां त्याचें अर्धें भय प्रकाराचें नसून भाषेचें असतें. नेहमीं भेटणारे पन्नास दोष घेऊन, प्रत्येकाचा अर्थ, कारण आणि उपाय सोप्या मराठींत सांगणारें एक शंभर पानांचें पुस्तक कोणीतरी लिहावें. त्यास ना अनुदान लागतें, ना समिति. हिंजवडीहून रोज संध्याकाळीं परतणाऱ्या हजारों माणसांपैकीं दोघांनीं सुटीचे दिवस दिले तरी तें वर्षांत पुरें होईल. आणि ‘एनी लिहून टाक’ या उपदेशावर समाधान मानणाऱ्या त्या मुलीच्या हातीं, त्या लाल ओळी कशा वाचाव्यात हें सांगणारें कांहीं तरी पडेल.